प्रोजेक्टर उलगडला, कॅमेरा घडला

(सातारा आणि सांगली इथं दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)

कोल्हापुरात खरी कॉर्नरला चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. चौकाचौकांत माणसांचे पुतळे उभारणाऱ्या आपल्या मुलखात एका यंत्राला हा मान मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य आहे. याच गावात, पहिलं महायुद्ध चालू असताना, बाबूराव कृष्णराव मेस्त्री या तरुणानं चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं जुळवला. भारतात घडलेला पहिला मूव्ही कॅमेरा अशी त्याची ओळख आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे हे मेस्त्री पुढं बाबूराव पेंटर म्हणून गाजले. लोकांनी त्यांना ‘कलामहर्षी’ ही पदवी दिली आणि ती नावाला कायमची चिकटली.

त्या पदवीनं बाबूरावांचा अर्धाच भाग आपल्यापर्यंत आणला. त्यांच्या रंगरेषांबद्दल, पोस्टरांबद्दल, शिल्पांबद्दल भरपूर लिहिलं गेलं. कॅमेऱ्याचा उल्लेख मात्र प्रत्येक लेखात एका वाक्यात येतो आणि पुढच्या वाक्यात लेखक ‘सैरंध्री’ या त्यांच्या चित्रपटाकडे वळतो. एक माणूस प्रोजेक्टर विकत घेतो, तो खोलून बघतो आणि त्यातून कॅमेरा कसा करायचा हे शिकतो. हे काम इंजिनिअरचं आहे. कॉलेजात न जाता केलं म्हणून ते कमी दर्जाचं ठरत नाही. आजच्या व्याख्यानात त्या एका वाक्यात दडलेल्या कामाकडे नीट बघायचं आहे.

सातारा-सांगलीच्या श्रोत्यांपुढं कोल्हापूरचा विषय कशाला, असं कुणाला वाटू नये. कृष्णा, वारणा, पंचगंगा या पट्ट्यात कला आणि कारागिरी यांच्यात कधी कुंपण नव्हतं, आणि बाबूरावांच्या कामाला साताऱ्याच्या आणि सांगलीच्या माणसांचा हात लागलेला आहे. तो कुठं लागला ते ओघात येईलच.

मेस्त्री घराणं कारागिरांचं. लाकूड, धातू, दगड, जे हाती येईल त्याला आकार द्यायचा, हा घरचा व्यवसाय. 1890 साली जन्मलेले बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव या घरात वाढले. दोघेही चित्रकला कुठल्या कला-शाळेत शिकले नाहीत. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवायला घेतले आणि त्यांच्या पडद्यांना मोठी मागणी आली. तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तिथून सुरू झालेली ही परंपरा. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल याच मातीतले, नागठाण्यात जन्मलेले बालगंधर्वही इथलेच. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. आकृती कोरायची, तिच्या अवयवांना सांधे द्यायचे आणि दोऱ्या ओढून तिला चालवायची, ही सांगलीतली कारागिरी बाबूरावांच्या जन्माआधीची आहे.

नाटकाच्या पडद्यावर काम करणाऱ्याला उजेडाचा अभ्यास करावाच लागतो. हिलाल, तेलाचे दिवे, मग गॅसबत्त्या, मग विजेचे दिवे असा रंगमंचाचा उजेड बदलत गेला, आणि प्रत्येक उजेडात रंग वेगळे दिसतात. पिवळ्या ज्योतीत निळा काळवंडतो. दिवसा घोटून घोटून लावलेला हिरवा रात्री मातकट वाटतो. महाल खोल दिसावा म्हणून खांबांच्या एका कडेला सावली रंगवायची, तर दिवा कुठून येणार हे आधी ठरवायला लागतं. बाबूराव वीस-बावीस वर्षांचे होईपर्यंत हे सगळं त्यांच्या बोटांत मुरलेलं होतं. पुढं कॅमेऱ्यामागं उभं राहताना हीच शिदोरी कामी आली.

उजेड पडद्यावर फेकून चित्र हलवण्याचा उद्योग मराठी माणसानं सिनेमाच्या आधीच केला होता. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी विनायक आणि रामचंद्र या मुलांना हाताशी धरून 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ हा खेळ दाखवायला सुरुवात केली. काचेच्या तुकड्यांवर हातानं रंगवलेली पुराणातली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग. एकाच आकृतीच्या वेगवेगळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि त्या ठरलेल्या लयीत सरकवायच्या, म्हणजे पडद्यावरची बाहुली हात उचलते, मान वळवते. जोडीला निवेदन आणि संगीत. 7 जुलै 1896 रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या तेव्हा कल्याणच्या या खेळाला चार वर्षं झाली होती. पटवर्धनांकडं दिवा होता, भिंग होतं, लय होती. नव्हती ती एकच गोष्ट: समोर घडणारी हालचाल आपोआप टिपून घेणारी फिल्म.

ल्युमिएरांच्या यंत्राचं एक वैशिष्ट्य इथं सांगायला हवं, कारण बाबूरावांच्या कामाची किल्ली त्यात आहे. त्यांची पेटी चित्रण करायची, तीच फिल्मची प्रत काढायची आणि तीच पडद्यावर चित्र फेकायची. तिन्ही कामांना यंत्रणा एकच लागते. कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत येऊन फिल्मवर पडतो. प्रोजेक्टरमध्ये मागच्या दिव्याचा प्रकाश फिल्ममधून आरपार जाऊन भिंगातून बाहेर पडतो. प्रकाशाची दिशा उलटली, बाकी कणा तोच राहिला. हे ज्याला उमगलं त्याच्यासाठी प्रत्येक प्रोजेक्टर हे कॅमेऱ्याचं पाठ्यपुस्तक आहे.

1913 मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. फाळके आदल्या वर्षी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले होते. कच्ची फिल्म बिनभोकाची यायची. अंधारात बसून, बोटांच्या अंदाजानं ती यंत्रातून काढायची आणि कडेला भोकं पाडायची, हे काम फाळक्यांच्या घरात चाले. ‘हरिश्चंद्र’ पाहून मेस्त्रीबंधूंनी ठरवलं की आपणही चित्रपट काढायचा. परदेशात जाऊन कॅमेरा आणण्याची ऐपत नव्हती. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला आणि त्यावर लोकांना सिनेमा दाखवायला सुरुवात केली. दाखवता दाखवता यंत्राचा अभ्यास चालू राहिला.

प्रोजेक्टर खोलल्यावर त्यांच्या हाताला काय लागलं असेल ते पाहण्यासारखं आहे. चित्रपट हलत नाही; तो एकेका चित्रापुरता थांबतो. फिल्मवरचं एक चित्र खिडकीसमोर येतं, क्षणभर पूर्ण स्थिर राहतं, मग झटक्यानं पुढं सरकतं आणि दुसरं तिथं येऊन थांबतं. हँडल मात्र एकसारखं फिरत असतं. एकसारख्या फिरण्यातून थांबत थांबत सरकणं निर्माण करायचं, हा या यंत्राचा गाभा. बऱ्याच प्रोजेक्टरांत त्यासाठी चार खाचांचं, क्रुसाच्या आकाराचं चाक असतं. शेजारी एक चकती अखंड फिरते, तिच्यावरची खुंटी दर फेऱ्याला एका खाचेत शिरते, क्रुसाला पाव फेरा देते आणि निघून जाते. उरलेला वेळ क्रूस जागच्या जागी घट्ट अडकून राहतो. फिल्म सरकत असताना फिरतं शटर प्रकाश अडवतं, म्हणून सरकणं डोळ्याला दिसत नाही. कॅमेऱ्यात याच कामासाठी बहुधा नखी वापरतात. ती भोकात शिरते, फिल्म खाली ओढते, मागं सरते आणि पुन्हा वर जाते.

आता या यंत्राचा कॅमेरा करायचा म्हटलं की अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. प्रोजेक्टरच्या पेटीतून थोडा उजेड झिरपला तरी बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीला सुईएवढी फट राहिली तर सगळी फिल्म धुरकट होते. म्हणून लाकडाचे सांधे असे बसायला हवेत की पेटी बंद केली की आत काळोख. दुसरं, उजेडाचा हिशेब. त्या काळच्या गतीनं सेकंदाला सोळा चित्रं आणि अर्धवट उघडं शटर धरलं, तर एका चित्राला सेकंदाचा बत्तिसावा भाग एवढाच उजेड मिळतो. शटरची पाकळी किती रुंद कापायची हे त्यावरून ठरतं. तिसरी आणि सगळ्यांत अवघड अडचण स्थैर्याची. फिल्मवरचं चित्र साधारण 24 मिलिमीटर रुंद. पडदा बारा फूट असेल तर ते दीडशेपट मोठं होतं. फिल्म खिडकीसमोर थांबताना दर वेळी मिलिमीटरच्या दहाव्या भागानं जरी इकडंतिकडं झाली, तरी पडद्यावरचा राजवाडा दीड सेंटिमीटर थरथरतो. तेव्हा दाते असे घासायचे, खुंटी अशी बसवायची, की हजारो वेळा फिरूनही ती त्याच जागी थांबली पाहिजे. हे काम कानस आणि डोळा यांच्या भरवशावर करणाऱ्या माणसांची कल्पना करावी.

हे जमायच्या आतच 1916 मध्ये आनंदराव वारले. भाऊ, भागीदार आणि यंत्रावरचा सोबती असं सगळंच बाबूरावांनी एकदम गमावलं. तरी काम सुटलं नाही. विष्णुपंत दामले या शिष्याच्या साथीनं त्यांनी ते पुढं नेलं, आणि 1918 पर्यंत कॅमेरा चालता झाला. 1917 च्या अखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. तिला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात या बाईंचं नाव ठळक अक्षरांत यायला हवं. हातानं घडवलेल्या, अजून एकही चित्रपट न काढलेल्या कॅमेऱ्यावर पैसे लावायला धाडस लागतं, आणि ते एका गायिकेनं दाखवलं.

हे सगळं याच मुलखात का झालं, याचं उत्तर मिरजेकडे पाहिलं की मिळतं. मिरजेच्या शिकलगारांचा धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. तलवारींचे दिवस संपले तेव्हा यातल्याच घराण्यांनी सतार आणि तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव, आणि आज देशभरातले गवई मिरजेचा तंबोरा मागतात. पोलादाला ओळखणारा हात भोपळ्यावर आणि तारांवर वळला. दुसरं उदाहरण कुंडलजवळचं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळं चित्रकार होणं अशक्य झालं, तेव्हा ते यंत्रांकडं वळले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर 1910 मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर तिथून खेडोपाडी गेले. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. चित्रकलेतून यंत्राकडं गेलेले लक्ष्मणराव आणि चित्रकार राहूनच यंत्र घडवणारे बाबूराव, दोघेही शेजारशेजारच्या संस्थानांत एकाच दशकात कामाला लागले होते. ज्यांच्या राज्यात कारागिराला दरवाजा उघडा होता असे राजे दोन्हीकडं होते, कोल्हापुरात शाहू महाराज आणि औंधला पंतप्रतिनिधी. याचा वाटा कमी लेखता येणार नाही.

7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात ‘सैरंध्री’ झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनीच केल्या. पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी त्यांची नावं होती. कीचकवधाचं दृश्य इतकं खरं वाटलं की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरनं ते काढायला लावलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. तंत्राच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, आयुष्यभर रंगीत पडदे रंगवलेल्या या माणसानं सिनेमातून पडदाच हद्दपार केला आणि खोली, उंची, जाडी असलेले सेट उभे केले. स्वतः चालवलेल्या कॅमेऱ्यानं त्यांना शिकवलं होतं की भिंग सपाट पडद्याला सपाटच दाखवतं. रंगवलेली सावली एका जागी बसलेल्या नाटकाच्या प्रेक्षकाला चालते. खऱ्या उन्हात ती उघडी पडते, कारण सूर्य सरकतो आणि रंगातली सावली जागची हलत नाही.

त्या वेळच्या फिल्मला तांबडा रंग कळायचा नाही. कपाळावरचं कुंकू, ओठ, तांबडा शेला, सगळं काळं उमटायचं. निळं आकाश पांढरंफटक यायचं. म्हणून कपडेपट, भिंती, चेहऱ्यावरची रंगभूषा हे सगळं करड्या छटांच्या भाषेत आधीच वाचता यावं लागे. बाबूराव चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची, वेशभूषेची, हालचालींची रेखाटनं काढून ठेवत. कोळशानं कागदावर काढलेलं चित्र हेच फिल्मच्या सगळ्यांत जवळचं होतं.

मग आला 1923 चा ‘सिंहगड’. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट; त्यात शिवाजी महाराजांची भूमिका खुद्द बाबूरावांनी केली आणि तरुण व्ही. शांताराम शेलारमामा झाले. तानाजी कडा चढला तो रात्री. मूकपटांत रात्र दाखवायची तर दिवसा चित्रण करून प्रतीला निळा रंग द्यायचा, हा रिवाज होता. स्टुडिओवर काचेचं किंवा पांढऱ्या कापडाचं छत, बाजूला चांदीच्या कागदाचे परावर्तक, आणि ढग आले की काम बंद. बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम दिवे वापरले. धुकं आणि चांदणं दिव्यांच्या उजेडात निर्माण केलं. भारतीय चित्रपटात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर पहिल्यांदा इथंच झाला असं चित्रपटाचे इतिहासकार नोंदवतात. सूर्य मागून येतो, वरून येतो, आपण फक्त त्याला अडवतो. दिवा आला की उजेड कुठून यावा हे माणसाच्या हातात येतं. पडदे रंगवताना जो दिवा मनात धरावा लागायचा, तो आता खांबावर टांगता येऊ लागला. मुंबईत या चित्रपटाला उसळलेली गर्दी आवरायला पोलिस लागले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात करमणूक कर लागू झाला, आणि ‘सिंहगड’ची कमाई त्याला कारण झाली असं सांगतात.

पुढच्याच वर्षी लंडनजवळच्या वेम्बली इथं भरलेल्या प्रदर्शनात कंपनीच्या ‘कल्याण खजिना’ला पदक मिळालं.

सातारा-सांगलीचा हात लागला तो 1925 मध्ये. ‘सावकारी पाश’ या चित्रपटाची कथा नारायण हरि आपट्यांची. आपट्यांचा जन्म मिरजेजवळच्या समडोळीचा, 1889 चा. पुढं ते साताऱ्यातल्या कोरेगावला स्थायिक झाले. त्यांनी पाहिलेला शेतकरी आणि त्याचं कर्ज इथलंच. देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथांवर पोसलेल्या पडद्यावर फाटक्या कपड्यातला कुळवाडी उभा राहिला. शांतारामांनी तरुण शेतकऱ्याचं काम केलं. ज्यांनी तो चित्रपट पाहिला त्यांना काळोखी झोपडी आणि रात्री भेसूर रडणारं कुत्रं वर्षानुवर्षं आठवत राहिलं. इथं बाबूरावांचा प्रकाशाचा अभ्यास पूर्णत्वाला गेला असं म्हणावंसं वाटतं. ‘सिंहगड’मध्ये दिव्यांनी वैभव दाखवलं. ‘सावकारी पाश’मध्ये उजेड किती कमी ठेवायचा हा प्रश्न होता. झोपडीत एक कोपरा दिसेल आणि बाकीचं दिसणार नाही, एवढाच उजेड ठेवायला जास्त धीर लागतो, कारण फिल्म फुकट गेली तर कंपनीचे पैसे बुडतात. 1936 मध्ये बाबूरावांनी हीच गोष्ट बोलपटात पुन्हा केली. कोरेगावच्या या लेखकाच्या कादंबऱ्यांवर पुढं ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’ही झाले.

1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर या बाबूरावांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. सीताराम कुलकर्णी हे पाचवे भागीदार. दामले आणि फत्तेलाल दोघेही बाबूरावांच्या हाताखाली कॅमेरा चालवायला शिकलेले. शांताराम लहानपणी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम करून आले होते. प्रभातची यंत्रावरची हुकमत या शाळेतून आली. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची सगळी जबाबदारी दामल्यांनी उचलली. 1934 च्या ‘अमृतमंथन’मध्ये टेलिफोटो भिंगानं राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला गेला. सगळंच यशस्वी झालं असं नाही. 1933 मध्ये प्रभातनं रंगीत ‘सैरंध्री’ केला, प्रती जर्मनीत काढल्या, पण रंग समाधानकारक उतरले नाहीत. त्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली. त्या स्टुडिओच्या आवारात 1960 पासून देशाची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आज तिथं कॅमेरा शिकणाऱ्या मुलांना हे सांगायला हवं, की या आवाराची वंशावळ कोल्हापुरातल्या एका खोललेल्या प्रोजेक्टरपर्यंत जाते.

कॅमेरा शहरात राहिला. प्रोजेक्टर गावोगाव फिरला. साताऱ्यात आणि सांगलीत सिनेमा पोचला तो बहुतांशी तंबूतून. यात्रेच्या हंगामात ट्रकवर तंबू, खांब, पडदा, जनरेटर आणि प्रोजेक्टर लादून टुरिंग टॉकीजवाले निघत. तंबूच्या मागं उभ्या असलेल्या गाडीत प्रोजेक्टर चालवणाऱ्याचं काम सोपं नव्हतं. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक भिडवून धरायच्या, वीज सोडायची आणि थोडं मागं घ्यायचं. मधल्या फटीत लखलखती ज्योत पेटते. कांड्या जळून आखूड होतात, फट वाढते, पडदा अंधारतो. म्हणून काळ्या काचेतून आत बघत स्क्रू फिरवत राहायचं, एकीकडं फिल्मच्या आवाजावर कान ठेवायचा. फिल्म खिडकीसमोर अडकली आणि ज्योत तशीच राहिली तर ती तिथल्या तिथं वितळते. जुनी नायट्रेटची असेल तर भडकते. डोळा, कान आणि हात तीन ठिकाणी ठेवून दोन-तीन तास उभी राहणारी ही माणसं खऱ्या अर्थानं यंत्रज्ञ होती.

या माणसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. त्यात महाराष्ट्रातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा एक वयस्कर कारागीर आहे. आयुष्यभर इतरांची यंत्रं दुरुस्त करता करता ती कुठं झिजतात, कुठं तेल पोचत नाही, हे त्याला पाठ झालं, आणि त्यानं स्वतःचा प्रोजेक्टर तयार केला. त्यात दातेरी चाकं तेलात बुडालेली राहतात, म्हणजे फिरता फिरता स्वतःच माखत जातात. यंत्र तयार झालं तोवर थिएटरांत डिजिटल आलं होतं. तरीही तो शोध शोधच आहे. बाबूरावांनी प्रोजेक्टर खोलून कॅमेरा केला, त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी त्याच पद्धतीनं, खोलून, पाहून, कुठं अडतं ते शोधून, आणखी एक यंत्र महाराष्ट्रात जन्माला आलं.

कॉलेजात शिकलेल्या इंजिनिअरचं उदाहरणही हवं, आणि ते फार लांबचं नाही. पुण्यात शिकलेले आणि पुण्याच्या कमिन्स कॉलेजात शिकवलेले विकास साठये न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनला शॉटओव्हर कंपनीत गेले. हेलिकॉप्टरखाली टांगायच्या कॅमेऱ्यासाठी या कंपनीनं के-1 ही यंत्रणा केली, आणि तिच्या चार कर्त्यांमध्ये साठये होते. 2018 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं त्यांना वैज्ञानिक आणि अभियांत्रिकी पुरस्कार दिला. काम काय, तर हेलिकॉप्टर हलतं, हादरतं, वळतं. जायरोस्कोप तो हेलकावा क्षणाच्या छोट्या भागात ओळखतात आणि सहा अक्षांवरच्या मोटरी कॅमेऱ्याला उलट्या दिशेनं तेवढंच फिरवतात. सरळ खाली पाहतानाही चित्र डगमगत नाही. चित्र स्थिर ठेवणं हाच प्रश्न बाबूरावांपुढं फिल्मच्या एका खिडकीपुरता होता, तो इथं आकाशात लटकलेल्या कॅमेऱ्यापुरता आला.

बाबूरावांचे मूकपट आज आपल्याकडं जवळजवळ नाहीत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले. त्यातले तीसच्या आतबाहेर कमीअधिक प्रमाणात उरले आहेत. बाबूरावांच्या ‘मुरलीवाला’चे तुकडे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. ‘सिंहगड’चं चांदणं आणि ‘सावकारी पाश’ची झोपडी आपल्याला वर्णनांतूनच ओळखावी लागते. फिल्मचं रसायन जळाऊ, साठवण वाईट, आणि त्यातली चांदी काढून विकण्याचा धंदा होता. या नुकसानीवर हळहळ व्यक्त करून थांबण्यात अर्थ नाही. चित्रपट गेले तरी यंत्राचं ज्ञान परत मिळवता येतं, कारण यंत्राचे नियम बदललेले नाहीत.

म्हणून सांगलीच्या वालचंद कॉलेजला आणि कराडच्या शासकीय अभियांत्रिकी कॉलेजला एक सूचना करावीशी वाटते. वालचंदची सुरुवात 1947 ची, कराडची 1960 ची. दोन्ही ठिकाणी वर्कशॉप आहे, लेथ आहे, दरवर्षी प्रकल्प शोधणारी मुलं आहेत. त्यांनी जुन्या प्रोजेक्टरपासून सुरुवात करून हातानं चालणारा 35 मिलिमीटरचा कॅमेरा करावा. टुरिंग टॉकीजचे पडून राहिलेले प्रोजेक्टर या दोन जिल्ह्यांत भंगारात जाण्याआधी गोळा करता येतील. कृष्णधवल फिल्म आजही मिळते. पेटी सुतारानं करावी, दाते विद्यार्थ्यांनी कापावेत, शटरचा कोन आधी कागदावर हिशेबानं काढावा. सोळा चित्रांची फिल्म बरोबर एक फूट भरते आणि हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रं जातात. तेव्हा चाचणी करणं सोपं आहे: समोर उन्हात विटांची भिंत, तिपाईवर कॅमेरा, सेकंदाला दोन फेरे या गतीनं एक मिनिट हँडल. साठ फूट फिल्म सरकली पाहिजे, आणि ती धुऊन बारा फुटांच्या पडद्यावर टाकली की विटांच्या रेषा जागच्या हलता कामा नयेत.